दोन डगरींवर पाय ठेवून ३२ वर्षं: मार्शल टिटोला हे जमलं कसं, आणि त्याचं बिल कुणी भरलं?

लोकलमध्ये हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि 'ऐकण्यापेक्षा वाचून पटकन होतं' म्हणणाऱ्यांसाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' काढून टाकलेत. बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

सुरुवात एका अंत्ययात्रेपासून करूया.

८ मे १९८०. शहर बेलग्रेड. चार दिवसांपूर्वी एक ८७ वर्षांचा म्हातारा वारलाय आणि त्याला निरोप द्यायला निम्मं जग गोळा झालंय. सोव्हिएत युनियनचा ब्रेझनेव्ह आलाय. चीनचा हुआ ग्वोफेंग आलाय, आणि तेव्हा चीन-रशियाचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष मॉन्डेल आलेत. ब्रिटनच्या थॅचरबाई आहेत. जर्मनी तेव्हा दोन होत्या, तर दोन्हीकडचे नेते आलेत. आपल्याकडून इंदिरा गांधी गेल्यात. आणि हे कधी? सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसून जेमतेम चार-पाच महिने झालेले असताना.

आपल्याकडे म्हणतात, माणसाने काय कमावलं ते त्याच्या शेवटच्या यात्रेला कळतं. मग या माणसाने असं काय कमावलं होतं?

माणसाचं नाव योसिप ब्रोझ. जगाला माहीत असलेलं नाव 'टिटो'. देशाचं नाव युगोस्लाव्हिया. हा देश आज नकाशावर शोधू नका, सापडणार नाही. पण तुम्ही त्याला ओळखता. टेनिसवाला जोकोविच आणि फुटबॉलवाला मॉड्रिच, दोघंही याच देशात जन्मले. आज एक सर्बियाचा आहे, दुसरा क्रोएशियाचा.

आता प्रश्न. बातम्यांमध्ये हल्ली एक शब्द सारखा कानावर पडतो: 'स्ट्रॅटेजिक ऑटॉनॉमी', म्हणजे धोरणात्मक स्वायत्तता. दोन बड्या ताकदी भांडतायत आणि आपण कुणाच्याच ताटाखालचं मांजर व्हायचं नाही. ऐकायला मस्त. पण आपली आजी याच गोष्टीला 'दोन डगरींवर पाय' म्हणायची आणि पुढे बजावायची की असा माणूस शेवटी मधल्या पाण्यात पडतो. टिटो १९४८ पासून मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३२ वर्षं पडला नाही. का पडला नाही, ते आज बघू. आणि त्यासाठी पैसे कुणी मोजले, तेही बघू. कारण ही गोष्ट सांगताना हा दुसरा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

आधी पाय स्वतःचे हवेत

एप्रिल १९४१. हिटलरने युगोस्लाव्हियावर हल्ला केला आणि तिथलं सैन्य ११ दिवसांत कोसळलं. राजा पळून गेला. डोंगरांत शिरून लढायला सुरुवात केली ती कम्युनिस्टांच्या गनिमी टोळ्यांनी, ज्यांना 'पार्टिझन' म्हणतात. त्यांचा म्होरक्या होता टिटो. क्रोएशियातल्या एका खेड्यातला, लोहारकाम-फिटरकाम शिकलेला कामगार. चार वर्षांच्या त्या लढाईत आणि आपसातल्या कत्तलींत मिळून देशातली सुमारे १० लाख माणसं मेली.

बेलग्रेड सोडवायला १९४४ मध्ये रशियाची लाल सेना आली होती, हे खरं. पण देशाचा बराच मोठा भाग पार्टिझनांनी स्वतः सोडवला आणि लाल सेना नंतर पुढे निघून गेली. हा मुद्दा लक्षात ठेवा. पोलंड, हंगेरी, रुमानिया या देशांत कम्युनिस्ट सरकारं आली ती रशियन रणगाड्यांच्या मागून. युगोस्लाव्हियात रणगाडे थांबलेच नाहीत. टिटोकडे स्वतःचं सैन्य होतं, स्वतःचे पोलीस होते आणि 'आम्ही लढून मिळवलंय' असं म्हणण्याचा अधिकार होता.

म्हणून पुढे जे झालं ते तिथेच होऊ शकलं.

स्टालिनशी भांडण

गंमत अशी की १९४५ मध्ये टिटोइतका पक्का स्टालिनभक्त शोधून सापडला नसता. फोटो भिंतीवर, घोषणा ओठांवर, पंचवार्षिक योजना मॉस्कोच्या साच्यातली.

मग बिनसलं कुठे? रोजच्या व्यवहारात. रशियन सल्लागार यायचे आणि त्यांचे पगार युगोस्लाव सेनापतींपेक्षा कितीतरी जास्त असायचे. दोन्ही देशांच्या 'भागीदारीतल्या' कंपन्या निघाल्या, त्यात फायदा एकाच बाजूला वाहायचा. रशियन गुप्तहेर टिटोच्याच माणसांना फितवत होते. शिवाय टिटो शेजाऱ्यांशी स्वतःच बोलणी करत होता. बल्गेरियाबरोबर संघराज्य करायचं, ग्रीसमधल्या बंडखोरांना मदत करायची, आणि हे सगळं मॉस्कोला न विचारता.

फेब्रुवारी १९४८ मध्ये स्टालिनने टिटो आणि बल्गेरियाचा दिमित्रोव्ह या दोघांना मॉस्कोला बोलावलं. दिमित्रोव्ह गेला आणि त्याची भर बैठकीत खरडपट्टी निघाली. टिटो गेलाच नाही, त्याने सहकाऱ्यांना पाठवलं. मार्चमध्ये स्टालिनने सगळे सल्लागार परत बोलावले आणि पत्रांतून आरोप सुरू झाले. टिटोच्या पक्षाने जे उत्तर पाठवलं त्याचा मथितार्थ असा होता: सोव्हिएत युनियनवर आमचं प्रेम आहे, पण म्हणून स्वतःच्या देशावर त्याहून कमी प्रेम करता येणार नाही.

२८ जून १९४८ ला युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने, म्हणजे कॉमिन्फॉर्मने, युगोस्लाव्हियाला बाहेर काढलं. ठरावात तिथल्या कार्यकर्त्यांना जवळजवळ उघडच सांगितलं होतं की तुमचे नेते बदला. पुढे १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने आपल्या गाजलेल्या भाषणात सांगितलं की स्टालिनला वाटत होतं, नुसती करंगळी हलवली की टिटो संपेल.

करंगळी हलली. टिटो संपला नाही, कारण सैन्य आणि पोलीस त्याच्या हातात होते.

पण मग एकटं पडण्याचं काय?

इथे थांबून टिटोच्या जागी स्वतःला बसवा.

पूर्वेकडून सीमेवर गोळीबार सुरू. हंगेरीत, बल्गेरियात 'टिटोवादी' म्हणून लोकांना फासावर लटकवतायत. १९४९ मध्ये पूर्वेकडच्या सगळ्या देशांनी व्यापार तोडला आणि युगोस्लाव्हियाचा निम्म्याच्या आसपास व्यापार त्यांच्याशीच होता. यंत्रांचे सुटे भाग बंद, कोळसा बंद, कर्ज बंद.

बरं, पश्चिमेकडे जावं तर? १९४६ मध्ये याच टिटोच्या विमानांनी दोन अमेरिकन मालवाहू विमानांवर गोळ्या झाडल्या होत्या. एकातले पाच जण मेले. त्रिएस्ते शहरावरून इटलीशी भांडण चालूच होतं. म्हणजे अमेरिकेच्या लेखी हा माणूस युरोपातल्या सगळ्यात उर्मट कम्युनिस्टांपैकी एक.

'दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण आपण फार सहज वापरतो. पण तिसऱ्याला लाभ आपोआप होत नाही. बऱ्याचदा दोघांच्या भांडणात तिसऱ्यालाच मार बसतो. लाभ व्हायचा असेल तर भांडणाऱ्यांपैकी एकाला वाटलं पाहिजे की हा तिसरा जगण्यात माझा फायदा आहे.

अमेरिकेला आधी वाटलं, हे सगळं नाटक आहे. मग हिशोब लक्षात आला. मॉस्कोचं न ऐकणारा कम्युनिस्ट देश नुसता जिवंत राहिला तरी स्टालिनचं नुकसान होतं. त्याला अमेरिकेच्या गोटात ओढायची गरजच नाही. १९४९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी बँकेकडून २ कोटी डॉलरचं कर्ज आलं. १९५० मध्ये भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकन संसदेने खास कायदा करून ५ कोटी डॉलरची अन्नमदत दिली. १९५१ मध्ये तर लष्करी मदतीचा करारच झाला. कम्युनिस्ट सैन्याकडे अमेरिकन शस्त्रं!

आता यातली खरी गोष्ट ऐका. याच काळात युगोस्लाव्हिया संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. दक्षिण कोरियाला लष्करी मदत करा, असा ठराव अमेरिकेने आणला. रशियाने तेव्हा परिषदेवर बहिष्कार टाकला होता. त्या ठरावाविरुद्ध एकच मत पडलं, ते युगोस्लाव्हियाचं. पोटाला धान्य हवंय, ते अमेरिकेकडूनच येऊ शकतं, आणि त्याच वर्षी तिच्याविरुद्ध मत!

वेडेपणा वाटतो ना? पण टिटोला आपली किंमत नेमकी कळली होती. तो अमेरिकेच्या मागे गेला असता तर आणखी एक छोटा, गरीब मित्रदेश झाला असता. मॉस्कोला शरण गेला असता तर शून्य झाला असता. दोघांनाही 'हा तिकडे जाईल' ही धास्ती असेपर्यंतच त्याच्या शब्दाला वजन होतं. म्हणून कुणाकडून काही घेतलं की थोड्याच दिवसांत त्याला एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हणून दाखवावंच लागायचं.

तोल म्हणजे मध्यभागी उभं राहणं?

मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला. २६ मे १९५५ ला ख्रुश्चेव्ह स्वतः बेलग्रेडच्या विमानतळावर उतरला. झालं गेलं ते बेरियामुळे झालं, असं त्याने जाहीर भाषणात सांगितलं. बेरिया म्हणजे स्टालिनचा पोलीसप्रमुख. त्याला आधीच गोळी घातली होती, त्यामुळे तो काही बोलणार नव्हता. विचार करा, जगातली दुसरी सगळ्यात मोठी ताकद एका छोट्या देशाच्या दारात समेट करायला आली होती. २ जूनच्या जाहीरनाम्यात दोघांनी मान्य केलं की समाजवादाकडे कुठल्या वाटेने जायचं, हे ज्या त्या देशाने ठरवावं.

पुढची काही वर्षं झोपाळ्यासारखी. १९५७ च्या अखेरीला टिटोने अमेरिकेची लष्करी मदत बंद केली. १९५८ मध्ये मॉस्कोशी पुन्हा वाजलं आणि कबूल केलेली रशियन कर्जं अडकली. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या तेव्हा टिटोने उघड निषेध केला. नुसता निषेध नाही, 'उद्या आपला नंबर लागला तर?' म्हणून गावोगाव नागरिकांना शस्त्रं चालवायचं शिक्षण देणारी संरक्षण व्यवस्था उभी केली.

म्हणजे तो फूटपट्टी लावून बरोब्बर मधे उभा नव्हता. कधी इकडे झुकायचा, कधी तिकडे. कुठे झुकायचं ते मात्र स्वतः ठरवायचा.

तिसरी गोष्ट: सोबत

दोन पैलवानांच्या मधे एकटा माणूस किती वेळ उभा राहणार? टिटोने सोबत शोधली आणि इथे आपला संबंध येतो.

'गालेब' नावाचं जहाज होतं. मूळचं इटलीत बांधलेलं, केळी वाहून आणणारं. युद्धानंतर ते टिटोचं तरंगतं घर झालं. गालेब म्हणजे सीगल पक्षी. १९५४ च्या डिसेंबरमध्ये हे जहाज घेऊन टिटो आपल्या मुंबईत उतरला आणि तिथून दिल्लीला नेहरूंना भेटायला गेला. पुढे ब्रह्मदेशातही गेला. युरोपातला एक नेता आधार शोधायला लंडन-पॅरिसऐवजी आशियात येत होता, हे तेव्हा नवीनच होतं.

जुलै १९५६ मध्ये अ‍ॅड्रियाटिक समुद्रातल्या ब्रिओनी बेटावर नेहरू, इजिप्तचे नासर आणि टिटो भेटले. आणि १ सप्टेंबर १९६१ ला बेलग्रेडमध्ये २५ देशांची परिषद भरली. शाळेच्या पुस्तकात आपण जी 'अलिप्ततावादी चळवळ' पाठ केली, तिची ही पहिली शिखर परिषद.

याचा फायदा काय झाला? संयुक्त राष्ट्रांत मतं मिळाली. युगोस्लाव बांधकाम कंपन्यांना अरब देशांत आणि आफ्रिकेत कामं मिळाली. टिटोशी बोलणं म्हणजे त्याच्यामागच्या वीस-पंचवीस देशांशी बोलणं, असं मोठ्यांना वाटू लागलं. सामान्य माणसालाही त्यातून काही मिळालं. युगोस्लाव्हियाच्या लाल पासपोर्टवर पूर्वेलाही जाता यायचं आणि पश्चिमेलाही. त्या काळात ही चैन फार थोड्यांच्या नशिबी होती.

पण मित्रांनाही राग यायचा. त्याच परिषदेच्या तोंडावर सोव्हिएत युनियनने अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या आणि टिटोने भाषणात त्यांना फारच सांभाळून घेतलं. तेव्हा बेलग्रेडमध्ये अमेरिकेचे राजदूत होते जॉर्ज केनन, म्हणजे सोव्हिएत युनियनला रोखण्याचं धोरण ज्यांनी मांडलं तेच. ते भयंकर चिडले. पुढे अमेरिकन संसदेतही 'याला मदत कशाला?' हा सूर वाढत गेला.

आता बिल

इथपर्यंत ऐकून वाटेल, काय हुशार माणूस! हुशार होताच. पण आता उरलेली गोष्ट.

अ‍ॅड्रियाटिकमध्ये एक खडकाळ बेट आहे, गोली ओतोक. नावाचा अर्थच 'उघडं बेट'. स्टालिनशी फाटल्यावर टिटोपुढे प्रश्न पडला: काल आपणच लोकांना स्टालिनवर प्रेम करायला शिकवलं, आता त्यातला कोण अजून प्रेम करतो हे कसं ओळखायचं? उत्तर होतं धरपकड. १९४९ पासून १९५६ पर्यंत सुमारे १३,००० माणसांना या बेटावर डांबलं. त्यात खरे मॉस्कोवाले होते. पण काहीतरी चुकीचं बोलून गेलेले, कुणीतरी चुगली केलेले, असेही पुष्कळ होते. बोटीतून उतरलेल्या नव्या कैद्याला जुन्या कैद्यांच्या दोन रांगांमधून मार खात जावं लागायचं. दगड इकडून तिकडे वाहायचे, मग तिकडून इकडे. सुटून आल्यावर तोंड बंद.

स्टालिनपासून स्वतंत्र होण्यासाठी वापरलेली पद्धत स्टालिनचीच होती. या विषयावर बोलायलाही तिथे कितीतरी वर्षं गेली. एमिर कुस्तुरिकाचा १९८५ चा 'व्हेन फादर वॉज अवे ऑन बिझनेस' हा सिनेमा याच काळावर आहे. बाबा 'कामासाठी बाहेरगावी' गेलेत असं घरात मुलाला सांगतात, आणि बाबा तुरुंगात असतात. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. जमलं तर बघा.

दुसरं बिल हंगेरीचं. नोव्हेंबर १९५६ मध्ये तिथला उठाव चिरडायला रशियन फौजा निघाल्या, तेव्हा ख्रुश्चेव्ह आधी गुपचूप ब्रिओनीला येऊन टिटोला भेटला. टिटोने मूक नव्हे, स्पष्ट संमती दिली. हंगेरीचा पंतप्रधान इम्रे नाज बुडापेस्टमधल्या युगोस्लाव वकिलातीत आश्रयाला आला. 'सुखरूप जाऊ देऊ' असं आश्वासन मिळाल्यावर २२ नोव्हेंबरला तो बाहेर पडला आणि रशियनांनी त्याला उचललं. १९५८ मध्ये त्याला फाशी झाली. युगोस्लाव्हियाने निषेध नोंदवला. पण प्रत्येक देशाची वाट वेगळी असू शकते, हे वाक्य मॉस्कोकडून लिहून घेणारा माणूस शेजाऱ्याच्या वाटेवर रणगाडे येताना हो म्हणाला होता.

आणि तिसरं बिल पैशांचं. दोन्हीकडून उधार मिळतंय म्हटल्यावर हात सैल सुटतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी कर्ज सुमारे २० अब्ज डॉलरवर गेलं होतं. टिटो गेला, मग महागाई आली, पेट्रोलच्या रांगा आल्या. १९८९-९० मध्ये शीतयुद्ध संपलं आणि 'हा तिकडे जाईल' या धास्तीचीच किंमत संपली. आता युगोस्लाव्हियाला सांभाळायची गरज कुणाला होती? देश फुटण्यामागे कारणं अनेक, वांशिक राजकारण त्यात सगळ्यात मोठं. पण बाहेरचा तो आधार नेमका तेव्हाच निघून गेला. १९९१ पासून तिथे जे युद्ध झालं, ते तुम्हाला माहीत आहे.

तर मग आपण काय घ्यायचं?

पुढच्या वेळी कुठलाही नेता, कुठल्याही देशाचा, 'आम्ही कुणाच्या दबावाखाली नाही' असं म्हणेल, तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी टिटोची आठवण काढा आणि तीन गोष्टी तपासा.

एक, पाय स्वतःचे आहेत का? सैन्य, धान्य, पैसा यातलं किती स्वतःचं आहे? १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा नेहरूंना अमेरिकेकडे मदत मागावी लागली होती. हा धडा आपल्याला फार महागात पडला.

दोन, ज्याच्याकडून घेतलं त्याला कधी 'नाही' म्हणून दाखवलंय का? नुसतं दोघांकडून घेत राहणं म्हणजे स्वायत्तता नाही, तो धंदा झाला.

आणि तीन, घरात कोण गप्प बसलंय? 'देश संकटात आहे, आत्ता प्रश्न विचारू नका' हे वाक्य प्रत्येक स्वाभिमानी परराष्ट्र धोरणाबरोबर फुकट मिळतं. गोली ओतोकच्या कैद्यांना हेच ऐकवलं गेलं होतं. आणि देशाला संकट होतं हे खोटंही नव्हतं. म्हणूनच ते वाक्य इतकं धोक्याचं.

'गालेब' जहाज आज क्रोएशियातल्या रिएका बंदरात आहे, त्याचं संग्रहालय केलंय. देश गेला, जहाज राहिलं.

तुम्हाला काय वाटतं? तुम्ही १९४८ मध्ये बेलग्रेडमध्ये असता तर टिटोच्या बाजूने उभे राहिला असता का, गोली ओतोक माहीत असूनसुद्धा? मी हा एपिसोड लिहिताना तीनदा उत्तर बदललं. तुमचं उत्तर नक्की कळवा, आणि ज्या मित्राशी परराष्ट्र धोरणावरून सारखं भांडण होतं, त्याला ही लिंक पाठवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!